रात्री लावलेलं एन्कोडिंग सकाळी मेलेलं का सापडतं

सिंदेवाही तालुक्यातल्या एका तरुण शूटिंगवाल्या भावाचा प्रश्न आहे. मशीन सेकंडहँड, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, त्यावर लिनक्स मिंट. लग्नं ४केमध्ये शूट होतात, दिवाळीनंतर झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातली) नाटकं फुल एचडीत. हार्डडिस्क भरत आल्या म्हणून जुनी एच-२६४ रेकॉर्डिंग एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामनं एच-२६५ या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात लहान (एन्कोड) करायची आहेत. प्रीसेट (एन्कोडरनं किती मेहनत घ्यायची ते) 'स्लोअर', सीआरएफ (दर्जाचा आकडा) २०. रात्री लावून झोपतात आणि सकाळी कधी टर्मिनलवर नुसतं 'किल्ड' दिसतं, कधी 'सेगमेंटेशन फॉल्ट', आणि दोनदा तर मशीनच रिस्टार्ट होऊन लॉगिन स्क्रीनवर येऊन बसलेली. एफएफएमपेग तीनदा काढून टाकून झालं, एकदा पूर्ण मिंट नवीन टाकलं, तरी तेच.

भाऊ, तुम्ही जे तीन प्रकार लिहिले ते एका आजाराची तीन लक्षणं नाहीत. ते वेगवेगळे आजार आहेत आणि तुमच्या मशीनला त्यातले किमान दोन एकाच वेळी झालेले दिसतात. म्हणूनच एक गोष्ट बदलून फरक पडला नाही. मी वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यात पंधराएक वर्षं मिक्सिंगचं काम करतो आहे, आणि या धंद्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जाताना पाहिला तो इथंच. प्रोग्राम कुणी मारला हे न बघता आपण कमांडमधले पर्याय बदलत बसतो. कर्नलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) मारला, तो स्वतः कोसळला, की लाईननं (विजेनं) मारला, हे आधी ठरवा. ते ठरवायला पाच मिनिटं लागतात.

(कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. टर्मिनलवर ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच टाकायची.)

एन्कोडिंग मेल्यावर त्याच टर्मिनलवर दुसरं काहीही न करता 'एको', मग डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून प्रश्नचिन्ह टाका. एक आकडा येईल. तो १२८ पेक्षा मोठा असेल तर त्यातून १२८ वजा करा, जो उरेल तो सिग्नलचा नंबर. १३७ आला तर ९ उरले, म्हणजे बाहेरून कुणीतरी जबरदस्तीनं मारलं. १३९ म्हणजे ११, सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रामनं आपली नसलेली मेमरी चाळवली. १३४ म्हणजे ६, प्रोग्रामनंच आतून हात टेकले. १३२ म्हणजे ४, प्रोसेसरला न समजणारी सूचना मिळाली. १३५ म्हणजे ७, बस एरर, आणि हा दिसला की मी आधी डिस्ककडं बघतो. एक अपवाद लक्षात ठेवा. कंट्रोल-सी नं तुम्ही स्वतः थांबवलं तर एफएफएमपेग २५५ देतं, ते क्रॅश नाही. आणि नुसता १ आला (नव्या आवृत्त्यांत १८३, २३४, २५४ असे आकडेही येतात), वर 'कन्व्हर्जन फेल्ड' किंवा तशी एररची ओळ लिहिलेली असली, तर तेही क्रॅश नाही. एफएफएमपेगनं रीतसर तक्रार करून काम सोडलं आहे, तिथं दोन ओळी वर चढून वाचलं तरी कारण सापडतं.

आता तुमचा 'किल्ड'. हा आकडा १३७ च असणार. लगेच सुडो लावून 'डीमेसेज' (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) चालवा आणि शेवटच्या ओळी बघा. 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' अशी ओळ आणि पुढं एफएफएमपेगचं नाव असलं की प्रकरण मिटलं. रॅम संपली आणि कर्नलनं मशीन वाचवायला सगळ्यात जास्त खाणाऱ्याला मारलं. यात एफएफएमपेगची चूक नाही, ते परत टाकून काही होणारही नाही. उबुंटू २२.०४ पासून पुढं आणखी एक पहारेकरी आहे, सिस्टमडी-ऊमडी नावाचा. तो मेमरीचा ताण वाढला की कधी कधी अख्खं टर्मिनलच बंद करतो, खिडकीसकट. कुणी 'खिडकीच गायब झाली' म्हणून सांगितलं की मी तेच आधी तपासायला लावतो.

८ जीबी कशी संपते, याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. ४के ची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल. साध्या ८-बिट ४:२:० मध्ये प्रत्येक पिक्सेलला दीड बाइट, म्हणजे एक फ्रेम उघडी केली की साधारण साडेबारा एमबी. फुल एचडीची फ्रेम याच्या चौथा हिस्सा, तीन एमबीच्या आसपास. एक्स-२६५ हा एन्कोडर पुढच्या फ्रेम आधी वाचून ठेवतो, कुठं किती बिट खर्च करायचे ते ठरवायला. 'मीडियम' प्रीसेटला तो २० फ्रेम पुढचं बघतो, तुमच्या 'स्लोअर'ला ४०. म्हणजे नुसत्या पुढं बघण्यातच ४केला पाचशे एमबी गेली. त्यात संदर्भासाठी धरून ठेवलेल्या फ्रेम, एकाच वेळी समांतर चालणाऱ्या फ्रेम, प्रत्येकीसोबतचा हिशेबाचा पसारा, शिवाय डीकोडरचे थ्रेड आपापल्या फ्रेम धरून बसलेले. फाइल १०-बिट असली तर प्रत्येक नमुना दोन बाइटचा होतो, सगळं दुप्पट. त्यात ब्राउझर उघडा ठेवला असेल तर रात्री दोन वाजता हिशेब फसतो. फुल एचडी नाटक त्याच मशीनवर सुरळीत जातं आणि ४के लग्न मरतं, त्याचं कारण हेच. तुमच्याकडं तसंच होतं का, ते आठवून बघा.

उपाय असा. ४केसाठी प्रीसेट 'स्लोअर' सोडा, 'मीडियम' ठेवा. ८ जीबीवर 'स्लोअर'चा हट्ट धरण्यासारखा फायदा त्यात मला कधी दिसला नाही. मग एक्स-२६५ ला त्याच्या स्वतःच्या पॅरामीटरमधून सांगा: पूल्स (कामाचे थ्रेड किती) ३, फ्रेम-थ्रेड्स (एका वेळी किती फ्रेम) १, आरसी-लुकअहेड (किती फ्रेम पुढचं बघायचं) १५. एक बारकावा बऱ्याच जणांकडून सुटतो. 'मायनस थ्रेड्स' हा पर्याय इनपुट फाइलच्या आधी लिहिला तर तो डीकोडरला लागू होतो, नंतर लिहिला तर एन्कोडरला. इनपुटच्या आधी थ्रेड्स २ टाकलं की डीकोडरकडची साठवणही कमी होते. आणि कमांडमध्ये 'मायनस बेंचमार्क' टाका. शेवटी 'मॅक्स-आरएसएस' म्हणून जास्तीत जास्त किती मेमरी लागली ते छापून येतं. आधी पाच मिनिटांच्या तुकड्यावर हा आकडा काढायचा, मग रात्रीचं काम लावायचं. अंदाजानं नाही.

जोडीला ८ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) करून ठेवा. त्यानं वेग वाढत नाही, पण ऐन वेळच्या चढाला जागा मिळते आणि मारलं जाण्याऐवजी काम थोडं रेंगाळतं. फिल्टर वापरत असाल तर 'रिव्हर्स'पासून सावध. नवरा-नवरी उलटं चालताना दाखवायची हौस सगळ्यांना असते, पण तो फिल्टर पूर्ण क्लिप मेमरीत घेतल्याशिवाय पहिली फ्रेम बाहेर देत नाही. दहा सेकंद कापून घ्या आणि तेवढ्यालाच लावा.

सेगमेंटेशन फॉल्टला मात्र वेगळा विचार लागतो. इथं मी पहिला प्रश्न एकच विचारतो: दर वेळी एकाच फ्रेमवर मरतं, की वेगवेगळ्या? एफएफएमपेग चालताना खाली ती ओळ सरकत असते ना, फ्रेम, एफपीएस, साइज, टाइम, स्पीड. मेल्यावर शेवटचा फ्रेम नंबर वहीत लिहून ठेवा. तीच फाइल, तीच कमांड, पुन्हा चालवा. आणखी एकदा चालवा.

तिन्ही वेळा एकाच ठिकाणी मेलं तर दोष फाइलमध्ये किंवा प्रोग्राममध्ये. मग एन्कोड न करता नुसतं डीकोड करून बघा. आउटपुटचा प्रकार 'नल' द्यायचा, फाइलच्या जागी नुसतं मायनसचं चिन्ह. डीकोडिंग शेवटपर्यंत गेलं तर एन्कोडरकडं बोट, तेही तिथंच मेलं तर डीकोडर किंवा फाइल. त्या जागेच्या थोडं आधीपासूनचा वीस सेकंदांचा तुकडा 'कॉपी'नं (पुन्हा एन्कोड न करता) कापून घेतला की तपासायला रात्र लागत नाही, मिनिटात कळतं. 'डीमेसेज'मध्येही सेगफॉल्टची एक ओळ पडलेली असते. एफएफएमपेगचं नाव, चौकटी कंसात प्रोसेस नंबर, मग न समजणारे लांब आकडे. ते सोडा. शेवटी 'इन' या शब्दानंतर लायब्ररीचं नाव असतं, तेवढं वाचा. लिब-एक्स-२६५ आहे, लिब-एव्हीकोडेक आहे, की नावात 'डीआरव्ही' म्हणजे ड्रायव्हर आहे. ड्रायव्हर निघाला तर ग्राफिक्सवरून हार्डवेअर एन्कोडिंग करताना तो पडला आहे. हार्डवेअरचा पर्याय काढून साध्या प्रोसेसरवर चालवलं की खात्री पटते. जास्त खोलात जायचं असेल तर 'कोअरडंपसीटीएल' बसवून घ्या, कुठल्या फंक्शनमध्ये पडला तेही दिसतं.

आणि वेगवेगळ्या ठिकाणी मेलं तर? सॉफ्टवेअरमध्येही थ्रेडच्या भांडणामुळं जागा हलू शकते, हे खरं. पण सेकंडहँड मशीनवर असं झालं तर माझा पहिला संशय रॅमवर, दुसरा उष्णतेवर. मागं एका भावाचं मशीन माझ्याकडं आलं होतं. एकच फाइल, कधी बाराव्या मिनिटाला मरायची, कधी एकेचाळिसाव्या, एकदा तासभर चालली. दोन दिवस आम्ही एक्स-२६५ च्या आवृत्त्या बदलत होतो. शेवटी दोन रॅमपैकी एक काढली, तर फाइल पहिल्याच फटक्यात पूर्ण झाली. काढलेली रॅम दुसऱ्या मशीनला लावली, तर ते मशीन मरायला लागलं. ते दोन दिवस आजही मनाला लागतात, कारण मेमटेस्ट पहिल्या संध्याकाळीच लावली असती तर रात्रीत उत्तर मिळालं असतं.

तेव्हा मशीन बंद करा, प्लग काढा, रॅम बाहेर काढून तिचे सोनेरी दात खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, परत नीट बसवा. मग मेमटेस्ट-८६-प्लस पेनड्राइव्हवरून चालवा, निदान एक फेरी पूर्ण. लाल ओळ एक जरी आली तरी ती रॅम कामाची नाही. ब्राउझिंगला चालते म्हणून ठेवू नका. एन्कोडिंगमध्ये ती एक तर क्रॅश करेल, नाहीतर त्याहून वाईट, गुपचूप चुकीचे बाइट लिहील आणि पार्टीच्या (गिऱ्हाइकाच्या) पेनड्राइव्हवर चौकोन चौकोन दिसतील.

'इलीगल इन्स्ट्रक्शन' तुम्हाला येत नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला येत असेल तर: दुसऱ्याच्या मशीनवर बनवलेलं एफएफएमपेग जुन्या प्रोसेसरवर आणलं की असं होतं. एव्हीएक्स-२ सूचना इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आल्या. त्याआधीच्या प्रोसेसरला त्या कळत नाहीत. डिस्ट्रोचं स्वतःचं पॅकेज टाका, मिटलं.

आता ज्या दोन रात्री मशीनच रिस्टार्ट झालं, त्याकडं येतो, कारण आपल्या भागात खरं दुखणं हेच आहे. रिस्टार्ट झाल्यावर 'जर्नलसीटीएल'ला मागच्या बूटचा लॉग मागा, मायनस बी आणि मायनस १, आणि थेट शेवटी जा. तिथं तीनपैकी एक चित्र दिसतं. शेवटच्या ओळींत 'क्रिटिकल टेंपरेचर रीच्ड' असलं तर उष्णता. 'मशीन चेक' असलं तर प्रोसेसर, रॅम किंवा बोर्डाचं हार्डवेअर. आणि लॉग मध्येच, वाक्य तोडावं तसा तुटला असेल, पुढं काहीच नसेल, तर जवळजवळ नक्की वीज. एक तर लाईन गेली, नाहीतर एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) भार पेलू शकला नाही. मागचा लॉग सापडतच नसेल तर व्हार-लॉग मध्ये 'जर्नल' नावाचं फोल्डर आहे का बघा. ते नसलं तर लॉग रॅममध्येच राहतो आणि मशीनबरोबर पुसला जातो.

उष्णतेबद्दल. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वरही जातो, टिनाच्या छपराखालच्या खोलीत त्याहून जास्त. एन्कोडिंग म्हणजे सगळे कोअर तासन् तास शंभर टक्के, यासारखा ताण लग्नाचा अल्बम डिझाइन करताना कधीच पडत नाही. म्हणून 'दिवसभर मशीन चांगलं चालते, रातीच बंद पडून राहिलं' असं वाटतं. आपल्याकडं धानाची मळणी आणि राईस मिलचा कोंडा, पलीकडं अकोला-यवतमाळात जिनिंगचा कापूस. हा बारीक भुसा हीटसिंकच्या पात्यांत जाऊन नमद्यासारखा बसतो. वरून फुंकर मारून निघत नाही. फॅन उचलून बघावा लागतो, खाली पात्यांच्या मधे करड्या रंगाची चटईच सापडते. ती काढा, थर्मल पेस्ट नवीन लावा, मग 'सेन्सर्स' कमांड सतत चालू ठेवून दहा मिनिटं एन्कोड करा आणि आकडा बघा. ८० च्या आत स्थिर राहिला तर मी निर्धास्त असतो. ९५ च्या पुढं चढत असेल तर पूल्स २ वर आणा. वेळ वाढेल, काम पूर्ण होईल. आणि कूलरची हवा थेट सीपीयूच्या डब्यावर सोडू नका. ती ओली हवा असते. कोंड्यात मुरून बोर्डावर बसते आणि एका उन्हाळ्यात कनेक्टर हिरवे पडतात.

विजेचं बघायचं तर, उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज किती उतरतं ते मल्टिमीटर लावून एकदा बघा. साध्या एसएमपीएसला रिकाम्या भारावर ते चालून जातं, एन्कोडिंगच्या भारावर नाही. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं 'यूपीएस' मोडचं बटण आहे का तपासा. साध्या मोडमध्ये बदली व्हायला जो क्षणभर वेळ लागतो, त्यात दिवा नुसता लुकलुकतो पण कॉम्प्युटर बंद पडतो. चांगला एसएमपीएस घेणं मी रॅम वाढवण्याच्याही आधी सांगेन.

तरी लाईन जाणारच. म्हणून काम अशा तऱ्हेनं लावायचं की लाईन गेली तर दहा मिनिटांचं नुकसान व्हावं, रात्रीचं नाही. हे मी स्वतः फार महागात शिकलो. मंडईच्या (गावच्या जत्रेच्या) दिवसांतलं एक नाटक, रात्री अकराला पडदा उघडलेला तो पहाटे पाचपर्यंत. सहा तासांचं रेकॉर्डिंग. मी थेट एमपी-४ मध्ये एन्कोडला लावलं. दुसऱ्या रात्रीपर्यंत जवळपास संपत आलं आणि इन्व्हर्टरची बॅटरी उतरली. डिस्कवर कित्येक जीबीची फाइल दिसत होती, पण उघडेना: 'मूव्ह अ‍ॅटम नॉट फाउंड'. एमपी-४ चा सगळा पत्ता, कुठली फ्रेम कुठं आहे तो, फाइल बंद करताना शेवटी लिहिला जातो. तो नसला तर आतलं सगळं असूनही वाचता येत नाही. त्यामुळं एन्कोड करताना नेहमी एमकेव्ही मध्ये करा. एमकेव्ही मध्येच तुटली तरी तुटेपर्यंतचा भाग चालतो. पूर्ण झाल्यावर ऑडिओ-व्हिडिओ दोन्ही 'कॉपी' ठेवून एमपी-४ मध्ये टाका, 'फास्टस्टार्ट' लावून. त्यात पुन्हा एन्कोडिंग नाही, काही मिनिटांचं काम.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे तुकडे. मूळ फाइलचा फक्त व्हिडिओ 'सेगमेंट' मक्सरनं, कॉपीनंच, ६०० सेकंदांचे तुकडे करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. कॉपीमध्ये काप फक्त कीफ्रेमवर (स्वतःपुरत्या पूर्ण असलेल्या फ्रेमवर) पडतो, त्यामुळं तुकडा नेमका दहा मिनिटांचा नसेल, चालतं. मग छोटी बॅश स्क्रिप्ट: प्रत्येक तुकडा घ्यायचा, तयार फाइल आधीच असेल तर पुढं जायचं, नसेल तर 'तात्पुरतं' अशा नावानं एन्कोड करायचं आणि एफएफएमपेग यशस्वी झालं तरच नाव बदलायचं. हे नाव बदलणं विसरू नका. नाहीतर लाईन गेली तेव्हाचा अर्धवट तुकडा 'तयार' समजला जाईल आणि नायिकेचा प्रवेश मधूनच गायब होईल. लाईन आली की स्क्रिप्ट पुन्हा सुरू करायची, ती जिथं सोडलं तिथून धरते. शेवटी तुकड्यांची यादी देऊन 'कॉन्कॅट' डीमक्सरनं जोडायचं आणि मूळ फाइलमधला ऑडिओ जसाच्या तसा त्यावर बसवायचा. ऑडिओचे तुकडे करून एन्कोड केले तर जोडावर टिक-टिक ऐकू येते. झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन आणि तबला सतत चालू असतो, तिथं ती लगेच कानाला लागते.

स्क्रिप्टमध्ये एफएफएमपेगला 'मायनस नो-एसटीडीइन' दिल्याशिवाय लूप चालवू नका. यादीवर 'व्हाइल रीड' लावलं की एफएफएमपेग त्याच यादीतली अक्षरं कीबोर्डवरून आली समजून खातं. मग एक फाइल होते आणि दुसरीच्या नावाची पहिली अक्षरं गायब होऊन 'फाइल नाही' येतं. याला पुष्कळ जण क्रॅश समजतात. तसंच पेनड्राइव्ह एफएटी-३२ असेल तर ४ जीबीला फाइल अडते. टीव्हीला चालावी म्हणून पार्टी तसलीच मागते, तेव्हा पेनड्राइव्हवर थेट एन्कोड न करता डिस्कवर करा आणि मग तुकडे कॉपी करा.

तुमच्यासाठी क्रम सांगतो. आज संध्याकाळी रॅम काढून पुसणे, फॅन काढून बघणे, रात्रभर मेमटेस्ट. उद्या ४के लग्नाचा पाच मिनिटांचा तुकडा 'मीडियम', पूल्स ३ वर, बेंचमार्क लावून. तो आकडा साडेपाच जीबीच्या आत असेल तर तुकड्यांची स्क्रिप्ट लावा. त्यानंतरही मेलं तर मला तीन गोष्टी लिहून पाठवा: एक्झिटचा ('एको'नं आलेला) आकडा, कर्नल लॉगच्या शेवटच्या वीस ओळी, आणि एकाच फाइलवर तीन वेळा चालवून आलेले शेवटचे फ्रेम नंबर. आणि नवीन फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत डीकोड करून तपासली जात नाही तोवर मूळ रेकॉर्डिंग डिलीट करू नका, कॅमेऱ्याची चीपही फॉरमॅट मारू नका.